जागा चुकलेला फर्मा

मुलींचे वसतिगृह, खोली क्रमांक अकरा
१२ सप्टेंबर

नमस्कार.

मायन्यात तुम्हाला काय लिहावे हे ठरेना, म्हणून ती ओळ कोरी सोडली आहे. शाळेत आम्हाला वडीलधाऱ्यांना, मैत्रिणीला, मुख्याध्यापकांना आणि दुकानदाराला पत्र कसे लिहावे हे शिकवले होते. तुम्ही त्यांपैकी कोणातच नीट बसत नाही. नमस्कार मात्र मनापासूनचा समजावा.

मी इथे खुशाल आहे. खोलीत सकाळचे ऊन येते. टेबल डुगडुगते, म्हणून त्याच्या एका पायाखाली मी पुठ्ठ्याची घडी सारली आहे. तुमचा खोकला गेला असेल आणि छापखान्यातले कटिंग मशिन पुन्हा रुसले नसेल, अशी आशा करते. आईचा फोन येत असतो. तिच्या औषधाच्या दुकानातली गर्दी, भाजीचे भाव, शेजारच्यांची मांजर, असे सगळे ती सांगते. तुमच्याविषयी काही सांगत नाही. पूर्वी एखाद्या वाक्यात तरी तुम्ही सहज येऊन जात असा.

पत्राचे कारण म्हणजे तुम्ही बांधून दिलेली कादंबरी. बाबांची ती जुनी प्रत, पाने सुटलेली, कडा कुरतडलेल्या. ती यंदा मला अभ्यासाला आहे हे कळल्यावर तुम्ही ती नेलीत आणि मी निघाले त्या दिवशी बसच्या खिडकीतून माझ्या हाती दिलीत. निळी कापडी पाठ, कोपऱ्यांनाही कापड. इथे सगळ्या मुलींनी ती हातात घेऊन पाहिली. कडा जीर्ण असल्यामुळे तुम्हाला त्या थोड्या आतून कापाव्या लागल्या आणि त्यात पानांचे आकडे गेले. हे अशासाठी लिहिते की पुढचा सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला.

आमच्या अध्यापिका कादंबरी स्वतः शिकवत नाहीत. त्यांनी वर्गाचे गट पाडले आणि प्रत्येक गटाने आपसात चर्चा करून कादंबरीचे आशयसूत्र शोधावे, मग ते सर्वांसमोर मांडावे, असे सांगितले. नियम एकच : जे म्हणाल ते पुस्तकातले वाक्य वाचून दाखवून म्हणा. आमच्या गटात आम्ही तिघे. एक माझी खोलीमैत्रीण, जिला सगळे रेडिओ म्हणतात, कारण ती झोपेतही बोलते. दुसरा एक मुलगा, जो प्रत्येक गोष्टीला हरकत घेतो, म्हणून वकील. आणि मी. पहिल्या दोन बैठकांत मी तोंड उघडले नाही. वकील एकदा म्हणाला की बोर्डात आलेली मुलगी आपल्या गटात आहे असे ऐकले होते, ती अजून पोचलेली दिसत नाही.

कादंबरी तुम्हाला ठाऊक असेलच, पण बांधणाऱ्याने वाचलीच पाहिजे असे नाही, म्हणून थोडक्यात सांगते. शिवणकाम करणारी एक बाई, तिचा अंथरुणाला खिळलेला नवरा आणि समोर राहणारा, पत्र्याचे डबे बनवणारा एक माणूस. मी ती तीनदा वाचली. नवरा आत तळमळतो आहे आणि ही उंबरठ्यावर उभी राहून त्या माणसाशी हसते आहे, ते प्रकरण मला जवळजवळ पाठ झाले होते. मध्येच काही वाक्ये तुटत होती. 'तिने दिवा खाली ठेवला आणि' असे एका पानाच्या शेवटी, आणि पुढच्या पानावर भलत्याच ऋतूतले भलतेच वाक्य. मला ते फार आवडले. लेखिकेने मुद्दाम वाक्ये मोडली आहेत, कारण त्या बाईचे मन अपराधाने मोडले आहे, असा मी अर्थ लावला. त्यावर टिपणही लिहिले : 'खंडित निवेदन आणि प्रतारणेचे सूत्र'.

तिसऱ्या बैठकीत मी ते वाचले. ओळीखाली बोट ठेवून, पण वाचले. वकील हरकत न घेता लिहून घेऊ लागला, तेव्हा मला वाटले, जिंकले. रेडिओ मात्र आपले नवे कोरे पुस्तक चाळत राहिली आणि म्हणाली, "अगं, माझ्याकडे हे वाक्य तुटतच नाहीये."

आम्ही दोन्ही पुस्तके शेजारी ठेवली. ज्या दुमडलेल्या पानांच्या जुडग्याला तुम्ही फर्मा म्हणता, तो एक अख्खा फर्मा माझ्या प्रतीत आधी लागला होता. नवरा जातो, एक वर्ष उलटते, तिचे शिवणयंत्र पुन्हा सुरू होते, आणि त्यानंतर ती हसते. माझ्या प्रतीत ती आधीच हसत होती.

वकिलाने पेन खाली ठेवले. "तू लेखिकेवर नाही, बाइंडरवर प्रबंध लिहिलायस," तो म्हणाला.

मला धरणी दुभंगेल तर बरे असे झाले. पण रेडिओ इतकी हसली की खुर्चीवरून घसरली आणि मग मीही हसले. या गावात आल्यापासून पहिल्यांदाच. हसू ओसरल्यावर वकिलाने विचारले की एवढी देखणी बांधणी करून एवढी मोठी चूक करणारा हा कारागीर कोण. मी उत्तर शोधायला थांबले नाही. म्हणाले, "आमच्या घरातलेच आहेत."

बोलून गेल्यावर मी पुस्तकाच्या निळ्या पाठीवरून बोट फिरवत बसले. त्यांना वाटले, मला पुन्हा लाज वाटली.

तुमच्या हातून असे कधी होत नाही. बाबा तुमच्याच छापखान्यात प्रुफे तपासत, तेव्हा इतरांच्या चुका घरी येऊन सांगत, तुमची एकही सांगितली नाही. मग मी आठवून पाहिले. ज्या सकाळी तुम्ही ही प्रत नेलीत, त्याच सकाळी आईने मला समोर बसवून विचारले होते की तुम्ही दोघांनी लग्न केले तर मला चालेल का. मी म्हणाले होते, मला बॅग भरायची आहे. तुम्ही दिवसभर त्या उत्तराची वाट पाहत पाने शिवत असणार.

आणि बसच्या खिडकीचेही लिहायला हवे. इतका वेळ मी टाळत आले आहे. पुस्तक देताना तुम्ही म्हणालात, "सांभाळून जा, मुंगी." ओळीखाली बोट ठेवून वाचते म्हणून हे नाव मला बाबांनी ठेवले होते. मी तुमच्याकडे पाहून माझे हजेरीपटावरचे नाव तुम्हाला सांगितले. तुम्ही मान हलवलीत आणि मागे सरलात. त्यानंतर तुम्ही आमच्याकडे चहालाही आला नाहीत, हे मला आईच्या न सांगण्यातून कळते.

मला तुमचा राग का होता, तेही सांगते. माझ्या आठवणीत बाबा आतल्या खोलीत झोपलेले आहेत आणि आई दारात तुमच्याशी बोलताना मोठ्याने हसते आहे. इतकी वर्षे ते हसू मी तसेच धरून ठेवले होते. त्या बैठकीनंतर मी स्वतःलाच आमचा नियम लावला : वाक्य दाखव. तुम्ही काय बोललात म्हणून ती हसली? आठवले. तुम्ही म्हणाला होतात, "एवढे मार्क एकटीलाच दिले, तर बाकीच्या वर्गाला काय उरलं असेल?" तो माझा दहावीचा निकाल होता. बाबा तर मी आठवीत असताना गेले. म्हणजे आतली खोली रिकामी होती, आणि आई माझ्या मार्कांवर हसली होती. मधल्या काळात मी तिला हसताना ऐकले नव्हते, म्हणून तर ते इतके मोठे वाटले असेल.

परवा आम्ही वर्गासमोर आमची चूकच मांडली. प्रसंगांचा क्रम बदलला की दोषी माणूस कसा बदलतो, हे मी दोन्ही प्रती उंच धरून दाखवले. अध्यापिका म्हणाल्या की हे सूत्र त्यांनाही सुचले नव्हते. मी अडखळले, पण बसले नाही.

सगळे एकदम सोपे झाले असे मात्र समजू नका. तुम्हाला बाबा म्हणणे मला जमणार नाही, आणि तुम्ही ते मागणार नाही हे मला ठाऊक आहे. त्यांच्या चष्म्याचे घर खिडकीत असते, ते तिथेच राहू द्यावे. एवढेच माझे मागणे.

आईला माझे उत्तर सांगा : हो. फोनवर सांगायला गेले तर मला रडू येईल, आणि खोलीत रेडिओ असते. तेव्हा संध्याकाळी दुकान बंद व्हायच्या वेळेला तुम्हीच जा. चहा घेतल्याशिवाय उठू नका.

सुट्टीत येताना पुस्तक घेऊन येते. टाके उसवून तो फर्मा जागेवर घालायचा आहे. छापखान्यात नको, आपल्या जेवणाच्या टेबलावर करू. मी ते मोकळे करून ठेवीन. सुई-दोरा तुमचा आणा, आईच्या सुया बारीक आहेत. आणि बसस्टँडवर घ्यायला आलात, तर गर्दीत मला हजेरीपटावरच्या नावाने हाक मारू नका. मी वळून पाहणार नाही.

तुमची
मुंगी