बास वाजत राहिला

भुईगाव, ६ जानेवारी २०२५

चि. सुझान,
मामाचे अ. आ.

तुमच्या नोव्हिशिएटमध्ये फोन चालत नाही, म्हणून बऱ्याच वर्षांनी पेन हातात धरलं. तू सिस्टर व्हायला निघालीस खरी, पण गिटारच्या आवाजाच्या पेडलमधलं तुझ्याइतकं आपल्या घरात कुणाला कळत नाही.

पावसाळ्यात माझ्या डाव्या अंगावरून वारं गेलं, ते तुझ्या आईने कळवलंच असेल. पाय सावरला, हाताची दोनच बोटं परत आली. मोठा बास गिटार आता झेपत नाही, म्हणून युकुलेले बास घेतला. हातभर वाद्य, रबरासारख्या तारा. आमचा बँडमास्तर जॅक्सन त्याला खेळणं म्हणतो. आवाज पोकळ येत होता, म्हणून सूर आणखी खाली नेणारं ऑक्टेव्हचं पेडल लावलं, तर नुसती गुरगुर. त्यात तिसऱ्या कडव्याला हात गळतो.

पंचवीस तारखेला लग्न वाजवायचं आहे. तिथे जमलं नाही तर बास कीबोर्डवरच घेऊ, असं जॅक्सनने सांगून टाकलं. तीस वर्षं मी त्याच्या बँडमध्ये उभा आहे. पोरी, मला फार भीती वाटते. काहीतरी सुचव.

तुझा,
आलोशियस मामा

नाशिक, १३ जानेवारी २०२५

ती. मामास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि चॅपेलमध्ये जाऊन रडले. आता ऐक. ऑक्टेव्ह काढून टाक. तो बास आधीच इतका खालून बोलतो की त्या पेडलला सूर सापडत नाही. आधी प्रीॲम्प लाव, त्याशिवाय आवाज पोकळच येणार. मग कॉम्प्रेसर, म्हणजे अशक्त बोटाचा सूरही बाकीच्यांइतका ऐकू येईल.

हातासाठी माझ्या कपाटातला लूपर आईकडून घे. पायाने दाब, एक फेरी वाजव, पुन्हा दाब. तीच फेरी तो वाजवत राहतो, तेवढा हाताला विसावा. फक्त पाय तालात पडू दे. मामीबरोबर नाचताना पडतो तसा नको.

रोज तुझ्यासाठी प्रार्थना करते. मामीला नमस्कार.

तुझी,
सुझान

भुईगाव, ३ फेब्रुवारी २०२५

चि. सुझान,
अ. आ.

तू सांगितलंस तसंच केलं. आवाज भरून आला, हॉल नाचला. दुसऱ्या वॉल्ट्झला हात गळला तेव्हा लूपर चालूच होता. मी हात तारांवरून उचलला. बास वाजत राहिला. कुणी वळूनही पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी जॅक्सन घरी आला. प्रेमानेच बोलला. आता कशाला हाताचे हाल करतोस, म्हणाला, सगळ्या वॉल्ट्झ त्या डबीत भरून दे आणि तू समोर खुर्चीत बसून ऐक, पाहुण्यांबरोबर जेव. मला त्याला घराबाहेर काढावंसं वाटलं. पण चहा पाजून पाठवला.

काल चर्चमधली मिसा झाल्यावर बसलो आणि बँडच्या चारही वॉल्ट्झ भरून दिल्या. तुझा लूपर तुला न विचारता जॅक्सनला दिला, रागावू नकोस. वाजवताना हात एकदाही गळला नाही.

माया आहे तेवढी राहू दे.

तुझा,
आलोशियस मामा