घरातल्या तीन पाळ्या

बाबा, गेल्या महिन्यात नायगावच्या एका चाळीतून मला हाकलून दिलं, आणि जिना उतरताना तुमची इतकी आठवण आली की खाली कट्ट्यावर बसून मी एकटाच हसत राहिलो. तुम्ही गेलात तेव्हा मी वॉर्डात ब्रदर होतो. आता जे काम करतो ते तेव्हा माझ्याकडे नव्हतं. गळ्यात श्वासाची नळी असलेली, नळीने जेवणारी मुलं हॉस्पिटलात न ठेवता घरी राहावीत म्हणून सरकारी खर्चाने त्यांच्या घरी नर्स पाठवायची, असं हे काम आहे. आधी ही सोय फक्त तान्ह्या बाळांना होती, तीही तासाभराची. यंदापासून मोठ्या मुलांनाही मिळते आणि नर्स दिवसभर थांबते. घरोघर जाऊन फॉर्म भरून घेणं माझ्याकडे आहे.

असा फॉर्म आपल्याकडेही आला होता. गिरण्यांच्या संपाला चार-पाच महिने झाले होते आणि मी गावच्या शाळेतून मेच्या सुट्टीला परळला आलो होतो. धाकटीच्या, माझ्या तान्ह्या बहिणीच्या, गळ्यात नळी होती. कफाने ती भरली की लगेच साफ करावी लागे, म्हणून डॉक्टर म्हणाले होते, घरी न्या, पण चोवीस तास कुणीतरी जागं पाहिजे. तुम्ही साचेखात्यातले, मागांच्या खडखडाटात आयुष्य काढलेले. गिरणी बंद, सगळी चाळ घरी बसलेली. तुम्ही धाकटीच्या पाळण्यापाशी तीन पाळ्या लावल्या, अगदी गिरणीसारख्या. पहिली आईची, दुसरी समोरच्या काकांची, तिसरी तुमची. काकांचा हात थरथरायचा, तेव्हा तुम्ही म्हणायचात, "धागा सांधताना थरथरतोस का रे? मग?" वॉर्डातली सिस्टर मात्र नळी साफ करायला शिकवताना तुम्हालाच ओरडली होती. "छातीवर हात काय ठेवता? घरघर कानाने ऐका!" तुम्ही शांतपणे म्हणालात, "सिस्टर, कान गिरणीने ठेवून घेतले. हाताला कळतं." तिने तपासून पाहिलं. खरंच कळत होतं.

त्या दुपारी दाराशी एक माणूस आला. इस्त्रीची पँट, हातात कागद. तुमचं नाव विचारून म्हणाला, "सही हवी होती." गिरणीची माणसं तेव्हा चाळीचाळीतून कामावर परतायच्या सह्या घेत फिरतात असं मी ऐकलं होतं. मी गॅलरीत जाऊन ओरडलो, "गिरणीचा माणूस आला!" काका पाळी सोडून उठले नाहीत, पण बाकीचे धावले. "सही होयी काय तुका? ये, देतंव!" बिचारा दोन-दोन पायऱ्या उतरत पळाला. तो हॉस्पिटलचा होता. घरी नर्स यावी म्हणून तुम्ही केलेल्या अर्जाचा कागद घेऊन आला होता.

तुम्ही मला मारलं नाहीत. दुसऱ्या दिवशी बरोबर घेऊन हॉस्पिटलात गेलात, त्या माणसापुढे हात जोडलेत आणि परत येताना एवढंच म्हणालात, "दारात आलेल्याला आधी पाणी विचारायचं. कुणाचा माणूस ते नंतर." मला ते अजून लागतं. कारण पुढे काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. संप लांबला, काका गावी गेले, कुणी भाजीची गाडी लावली, तुम्ही वॉचमन झालात. पाळ्या मोडल्या. आई एकटी पडली, पण त्या कागदावर तुमची सही झाली होती म्हणून रोज तासभर नर्स येत राहिली आणि आईला दुपारी पाठ टेकता आली. ती नर्स नसती तर धाकटीला पुन्हा वॉर्डात ठेवावं लागलं असतं. सातव्या वर्षी नळी निघाली. आज ती लालबागला मसाल्याच्या दुकानात बसते, आणि तिचा आवाज रस्त्याच्या पलीकडे ऐकू येतो.

तर नायगावचं सांगतो. नवऱ्याविना राहणारी एक बाई आणि तिचा नळीवरचा नऊ वर्षांचा मुलगा. मी फाइल उघडली तोच शेजारीण ओरडली, "सही करू नको गं! बिल्डरचा आहे!" मी पुढच्या खेपेला फाइल न घेता गेलो. पाणी मागितलं, प्यायलो, मग बोललो. ती बाई म्हणाली, "दादा, याला परत वॉर्डात नाही ना नेणार?"

"नेऊ नये म्हणूनच आलोय."

"रविवारी पण येईल नर्स? रविवारी माझं एका घरी स्वयंपाकाचं काम असतं. दिवसभराचं."

मी म्हणालो, येईल. तिने सही केली. आता सोमवार ते शनिवार तिथे नर्स जाते. मुलगा खिडकीशी बसून पाढे लिहितो. मला फार बरं वाटतं, बाबा. देवाचं नाव घ्यायला बसलो की हल्ली मागायला काही सुचत नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक लिहून टाकतो. रविवारची नर्स अजून मंजूर झालेली नाही, आणि त्या बाईला होकार देताना मला ते माहीत होतं. गेले चार रविवार मीच जातोय. तुमच्या सुनेला वाटतं मी देवळात असतो.