निळा पेनड्राइव्ह

अकोला, मंगळवार, संध्याकाळ

मले फक्त लिनक्स या संगणक प्रणालीची नवी आवृत्ती पाहायची होती. टेबलावरचा निळा पेनड्राइव्ह, आत काय हाये ते न पाहता, साफ रिकामा करून त्यावर नवं लिनक्स घेतलं अन् बायकोच्या लॅपटॉपवर जुन्याच्या बाजूले टाकलं. दोन्हीले फायली अन् सेटिंग ठेवायचं होम फोल्डर एकच दिलं. काहून दिलं? एकाच्या सेटिंग दुसऱ्यानं बिघडवल्या. आता कोणतंही उघडा, पासवर्डनंतर काळा पडदा अन् माउसचा बाण. तिचा कपाशीवरचा प्रबंध त्यातच आहे, उद्या विद्यापीठात द्यायचा. फायली असतील ना आत? बाण हलते, बाकी काहीच नाही.

शेवटी तिले सांगितलं. ती चक्क हसली.

"एवढे भेता काहून? त्या निळ्या पेनड्राइव्हवर कॉपी हाये ना!"

पेनड्राइव्ह अजून लॅपटॉपलेच लागून होता. मी त्यावर रुमाल टाकला.