पायाच्या अंगठ्याची सही

वडगाव रासाई,
सोमवार, दुपार

प्रिय ताई,

आधी एक सांगतो, घाबरू नको. आई धडधाकट हाय, गौतमी शाळेत गेलीय, आन् मला पोलिसांनी पकडलेलं न्हाई. माझ्या हातचं पत्र बघून तू आधी फोन शोधशील, म्हणून पहिल्या ओळीतच मोकळं केलं. मी आजवर जन्मात एकच पत्र लिहिलंय, ते गेणबा मामांना. तहसीलदाराच्या नावानं. तुमच्या म्हशीला पेन्शन मंजूर झालीय, दोन फोटो घेऊन हजर व्हा. मामांनी म्हशीला घासून धुतलं, शिंगांना तेल लावलं आन् फोटोवाल्याकडं निघाले. पार यष्टी स्टँडपर्यंत गेले. अजून मला बघितलं की काठी शोधतात. तर हे माझं दुसरं पत्र. ह्याच्यात खोटं काही न्हाई, उलट आधीचं एक खोटं मागं घ्यायचंय.

तू रविवारी दौंडवरनं गौतमीला न्यायला येणार, हे ठरलंय. क्वार्टर मिळालं, शाळा बघितली, सगळं झालं. आईनं तिच्या कपड्यांची पिशवी पण काढून ठेवलीय. तुझं म्हणणं मला कळतं. रेल्वे स्टेशनात तुझ्या ड्यूटीचा कधी दिवस कधी रात, दाजी महिन्यातनं दोनदा ट्रकवरनं घरी उतरणार, म्हणून दोन वर्सं पोर इथं ठेवली, आता घर झालं तर लेकरू आईपाशी पायजे. आन् आईनं सांगितलं, तू फोनवर आसं पण म्हणालीस की संघर्षच्या, म्हंजी माझ्या, संगतीत राहिली तर ती पण मंडपाचे खांब उचलंल. मला राग आला न्हाई. खरं हाय ते. निदान ऑगस्टपर्यंत तरी खरं व्हतं.

ऑगस्टमधी तुला फोनवर मी काय सांगितलं व्हतं? गौतमीला गणितात वीसपैकी सतरा. तू खूश झालीस, दाजींनी पेढ्याचा फोटो पाठवला. ताई, सतरा न्हवते. सहा व्हते. आन् ते सहा मलाही माहीत न्हवते. तिनं सतरा सांगितले, मी सतरा धरले. पेपर बघायला मागायची अक्कल मला कुठली.

कळलं कवा, तर ईश्वर गुरुजींनी शाळेत बोलावलं तवा. माझ्या सातवीला व्हते तेच. बदली होऊन चार गावं फिरले आन् आता मुख्याध्यापक होऊन परत आपल्याच शाळेत आलेत. मला वाटलं, झेंड्याच्या कार्यक्रमाला स्पीकर पायजे आसंल. मी भाव ठरवतच आत गेलो. तर गुरुजींनी टेबलावर पेपर ठेवला. सहा मार्क, आन् खाली 'पालकाची सही' लिहिलंय तिथं निळा अंगठा. मी म्हणलं, आईचा हाय, ती अंगठाच देते. गुरुजी म्हणाले, भामाबाईंच्या अंगठ्यावर विळ्याचा वण आहे, ह्याच्यावर कुठं दिसतो? मग चष्मा काढून शांतपणे बोलले, "संघर्ष, हा हाताचा अंगठा नाही. असला एक मी आधी पाहिलाय. तू ओळखशील."

ताई, मी ओळखला. सातवीत मी माझ्या प्रगतिपुस्तकावर आबांच्या नावानं पायाचा अंगठा उठवला व्हता. हाताचा बारका दिसतो, पायाचा मोठ्या माणसाचा वाटतो, ही माझी हुशारी. आन् मागच्या उन्हाळ्यात लाईट गेली तवा अंगणात बसून मीच गौतमीला ही गोष्ट रंगवून सांगितली व्हती. लय हसली व्हती पोरगी. मला वाटलं, हसून विसरली. तिनं तर स्केचपेन घेऊन माझी कला पुढं चालवली.

मी तिला मारलं न्हाई. कोणत्या तोंडानं मारू? घरी निघालो. नदीच्या वळणावर तिनंच विचारलं, "मामा, तुला आबांनी मारलं व्हतं का?" मी म्हणलं, आबांना कळलंच न्हाई. मला तवा तसंच वाटत व्हतं.

घरी आलो आन् विचारलं, आभ्यास कुठं करतीस? तिनं पलंगाकडं बोट केलं. ताई, आपल्या घरात आभ्यासाला जागाच न्हवती. पुढच्या खोलीत माझ्या वायरींची भेंडोळी, फुटके हॅलोजन, झालरी, बाद झालेला बेसचा स्पीकर. मागच्या खोलीत आईचा संसार, म्हंजी एका पिशवीत दुसरी पिशवी, तिच्यात तिसरी. पोर पलंगावर पालथी पडून वहीत लिहायची, आन् माझी कुठलीतरी वायर तिच्या पायात. आईला तसंही धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आधी घर आवरायचं व्हतंच. मी म्हणलं, आजपासनं आवरू.

आठ दिवस लागले. मी ज्याच्याकडं कामाला जातो त्या धम्मदीपच्या मंडपाचं सामान त्याच्याच गोडाऊनला नेऊन टाकलं. त्याचं सामान चार वर्सं आपल्या घरात फुकट राहत व्हतं, तो वर मलाच म्हणला की अचानक काय झालं. आईनं तिची एक पण पिशवी टाकू दिली न्हाई, पण घडी घालून ठेवायला तयार झाली. बाद स्पीकरच्या डब्यातलं पोट काढलं, उलटा केला, वर सनमायका ठोकला. झालं टेबल. खालच्या भोकात दप्तर बसतं. बाबासाहेबांच्या फोटोखालची भिंत चुन्यानं मारली आन् टेबल तिथंच लावलं. गौतमी त्याच्यावर पहिल्यांदा बसली तवा आई दारात उभी राहून नुसती बघत व्हती.

जागा झाली, आता शिकवायचं कुणी? आई म्हणली, तू. मी पुस्तक उघडलं. भागाकार. ताई, मी पुस्तक परत मिटलं. भागाकारात मी चौथीतच अडकलेलो, पुढं सगळा कॉपीवर पास. दोन दिवस मी नुसता पुस्तकाकडं बघून मान हलवायचो. तिसऱ्या दिवशी धम्मदीपकडं लग्नाचं काम व्हतं. त्यानं विचारलं, तीनशे खुर्च्या, रांगेत पंधरा, किती रांगा? मी तोंडातल्या तोंडात म्हणलं वीस, आन् तिथंच थांबलो. च्यायला, हे मी रोज करतोय की.

दुसऱ्या दिवशी शंभर खुर्च्या टेम्पोत घातल्या आन् आपल्या अंगणात उतरवल्या. गौतमीला म्हणलं, पंच्याऐंशी मोजून घे, एका रांगेत सात लाव. तिनं ओढल्या, लावल्या, मोजल्या. बारा रांगा झाल्या आन् एक खुर्ची उरली. नेमके गेणबा मामा काठी घेऊन बघायला आले, आज काय सभा हाय का म्हणून. आन् त्या उरलेल्या खुर्चीवर बसले. मी म्हणलं, गौतमी, ही बघ बाकी. कुठल्याच रांगेत बसत न्हाई. आता तिच्या वहीत बाकी उरली की ती शेजारी काठीवाला माणूस काढते. गुरुजींनी विचारलं तर म्हणाली, हे गेणबा मामा. मामांना ते कळलंय. ते चौकात सांगत फिरतात, मी शाळेच्या पुस्तकात हाय.

आता एक गोष्ट, जी फोनवर सांगता आली न्हाई. दोनदा लावला फोन, दोनदा तुला काहीतरी इकडचं तिकडचं विचारून ठेवला. माळ्यावरनं आबांची पत्र्याची पेटी काढली आवरताना. वरती माझा शाळा सोडल्याचा दाखला, प्लास्टिकात गुंडाळलेला. आबा गेले आन् मी नववीत शाळा सोडली. लोक म्हणत्यात परिस्थितीमुळं. ताई, परिस्थिती व्हती, पण मला निमित्त पण घावलं व्हतं. तो दाखला आईनं एकटीनं शाळेत जाऊन, अंगठा देऊन आणला व्हता, आन् पेटीत घालून ठेवला. मला कधी बोलली न्हाई. मी विचारलं, कशाला ठेवलास? म्हणली, कधीतरी लागंल.

दाखल्याखाली माझं सातवीचं प्रगतिपुस्तक. उघडलं. माझ्या पायाचा अंगठा, निळा, हाय तसा. आन् त्याच्या खाली वाकड्या अक्षरात, दाबून दाबून लिहिलेलं: हौशीराम.

मी आईकडं बघितलं. तिनं पेटीच्या तळातनं कॅलेंडरची पानं काढली. मागच्या कोऱ्या बाजूला नुसतं हौशीराम, हौशीराम, हौशीराम. पहिल्या पानावर काना उडून पडलाय, चौथ्या पानावर नीट उभा हाय. गुरुजींनी आबांना अंगठ्याचं सांगितलं व्हतं, ताई. आबा मला एक शब्द बोलले न्हाईत. चार महिने, गुऱ्हाळावरनं सुटले की गुळाच्या चिकट हातानं गुरुजींच्या ओट्यावर जाऊन बसायचे. आईला म्हणले व्हते, पोराला माझ्यासाठी पाय उचलावा लागला, आता त्याला तशी वेळ यायची न्हाई. आन् मी ते पुस्तक परत कधी उघडलंच न्हाई.

शेवटच्या पानावर सहीशिवाय आजून एक शब्द हाय. गौतमी. ती तवा दीड महिन्याची, तू बाळंतपणाला इथंच व्हतीस. आबांनी आयुष्यात दोनच नावं लिहिली, एक स्वतःचं आन् एक तिचं. ते पान मी तिला दाखवलं. तिनं पेन्सिल घेतली आन् आबांच्या अक्षराच्या शेजारी तसंच वाकडं तिचं नाव लिहिलं. आता ते पान टेबलाच्या वर भिंतीला लावलंय, रविवारी बघशील.

पाकिटात दोन पेपर घातलेत. एक ऑगस्टचा, सहावाला, अंगठ्यासकट. दुसरा आत्ताच्या सत्र परीक्षेचा. वीसपैकी अठरा. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलेत, गुरुजींना दोनदा विचारलंय. एक मार्क खाडाखोडीचा गेला, दुसरा कशाचा ते गुरुजींशी मी भांडणार हाय. अठरावाल्यावर सहीची जागा कोरी ठेवलीय. आई म्हणली तू कर, पण ती सही तुझी हाय. पेपर वर्गात फिरला तवा पोरं म्हणली, हिला शिकवणारा हिचा मामा तरी काय शिकलाय? तर गौतमी म्हणली, माझा मामा तीनशे खुर्च्या न मोजता लावतो. ताई, डीजेवर दोन हजार माणसं नाचवलीत मी, पण एवढी ताठ मान कधी झाली न्हवती.

आता ह्या पत्राचं कारण. तो दाखला कधीतरी लागला. मी दहावीचा सतरा नंबरचा फॉर्म भरलाय, बाहेरनं. मार्चला परीक्षा. तू सोडून कुणाला ठाऊक न्हाई, आन् आईला, आन् गुरुजींना, आन् गेणबा मामांना, म्हंजी गावाला. सकाळी आठला गौतमी मला टेबलावर बसवते आन् ती पलंगावर बसते. सतराचा पाढा घेते, चुकलो की पयल्यापासनं. मराठीच्या पेपरात पत्र येतं म्हणून तिनंच मला गृहपाठ दिला, मम्मीला खरं खरं पत्र लिही, पानं मोजणार. तेच हे पत्र. तिला दौंडला न्यायचा हक्क तुझा हाय, मी आडवा येणार न्हाई, पिशवी भरलेली हाय. फक्त एवढंच मागतो, मार्चपर्यंत थांबशील का? तिचं चौथीचं वर्स इथंच पुरं होईल, आन् माझ्याकडं दुसरा मास्तर न्हाई. दौंडला जाणाऱ्या रोहनच्या टेम्पोनं पत्र पाठवतोय, रविवारच्या आधी मिळंल. ती म्हणली, गृहपाठावर पालकाची सही लागते. माझी पालक तूच. खाली जागा सोडलीय. थांबणार आसशील तरच सही करून रविवारी घेऊन ये. अंगठा चालणार न्हाई, ह्या घरात आता सगळे ओळखतात.

तुझाच, उरलेल्या खुर्चीवरचा,
संघर्ष

(लाल पेनानं: दहापैकी सात. मायना बरोबर. म्हशीचं लिहायची गरज न्हवती. — गौतमी)

पालकाची सही: ____________