मीठ-पाण्याचा माणूस

४ नोव्हेंबर
अखेर पोचलो. संस्थेच्या आवारातच, वरच्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. दोन्हींना खिडक्या, नळाला दिवसभर पाणी. ही आल्या आल्या पडद्यांची मापं घ्यायला लागली, म्हणजे घर पसंत आहे. खाली विंचवांची खोली : प्लास्टिकच्या डब्यांत वाळू, खापराचा तुकडा, ओला कापूस आणि डब्यागणिक एक विंचू. त्यांची देखभाल करणाऱ्याला सगळे ‘चिमटे’ म्हणतात. त्याने नांगीला विजेचा हलका झटका देऊन विष काढून दाखवलं. टोकाला दुधट थेंब आला, टाचणीच्या डोक्याएवढा. एवढ्याशा थेंबावर आपलं पोट चालणार का, असं हिने विचारलं आणि चिमटे खो खो हसला.

९ नोव्हेंबर
काम नीट समजलं. डॉक्टरबाई विंचवाच्या विषावरच्या नव्या उताऱ्याची चाचणी घेताहेत. स्वयंसेवकांना विषाची सौम्य मात्रा टोचतात, मग उतारा देतात. शरीरावर काय परिणाम होतो ते मी तक्त्यात लिहायचं : घाम, गार पडलेले हातपाय, तोंडाला सुटणारी लाळ, अंगावर उभे राहणारे केस. नाडी आणि रक्तदाब मनगटावरचा पट्टा आपोआप टिपतो. तुलनेसाठी एकाला नुसतं मीठ-पाणी टोचावं लागतं. तो माणूस मी. तुमच्यासारख्या काटेकोर माणसाच्याच शोधात होते, असं बाई म्हणाल्या. मला बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. चिमटेच्या मते मजा आहे माझी : सुई टोचून घ्यायची आणि चहा प्यायचा. माझ्याआधीच्या मीठ-पाणीवाल्यानेही म्हणे कधी तक्रार केली नाही.

१५ नोव्हेंबर
आज सुईनंतर दंडापासून खांद्यापर्यंत कळ. तळहात घामाने ओले. बाईंना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, दिवसभर दुसऱ्यांची लक्षणं लिहिता, ती थोडीफार अंगात शिरणारच. पण ती तक्त्यात घातलीत तर मीठ-पाण्याने विषबाधा होते असं आम्हाला छापावं लागेल.
खरं आहे. मनाचे खेळ निरीक्षण म्हणून खपवायचे, हा अप्रामाणिकपणाच. लिहिलेलं काढून टाकलं, तक्ता नव्याने केला.
हिला सांगितल्यावर म्हणाली, चहात साखर मी विसरते आणि माफी तू मागतोस, तुझी कळ तरी खरी कशावरून?

२१ नोव्हेंबर
पुन्हा कळ. लाळ. हातावरचे केस उभे राहिले. कल्पनेने केस उभे राहतात का? राहत असतील, भुताच्या गोष्टीनेही राहतात. तक्ता कोरा ठेवला.
मीठ-पाण्याची आणखी एक जागा निघाली आहे. बाईंनी हिला विचारलं. घरात बसून ही कंटाळलीच आहे, तरी खरंच काही होत नाही ना, असं तिने माझ्याकडे बघत विचारलं. बाईंनी माझा तक्ता पुढे केला. स्वच्छ, माझ्याच अक्षरातला. मी म्हणालो, काही होत नाही.
हिची पहिली सुई सत्तावीस तारखेला.

२६ नोव्हेंबर
विंचवांच्या खाण्यासाठी रातकिडे पाळलेत. माझ्या सुईत राहिलेला थेंब आज त्यातल्या एकाला टोचला. पाय ताठ झाले. थरथरला. मेला.
एका किड्यावरून निष्कर्ष काढू नये. सुई लागूनही मेला असेल. उद्या दुसऱ्याला घरचं मीठ-पाणी टोचून बघतो.
हिला बोललो नाही. बाईंचं म्हणणं ऐकून न घेता त्यांच्यावर आळ घेणं बरं नव्हे.

२७ नोव्हेंबर
घरच्या मीठ-पाण्याचा किडा उड्या मारतोय. आजच्या माझ्या सुईतला थेंब तिघांना टोचला, तिन्ही मेले.
तसाच बाईंकडे गेलो. त्या गडबडल्याही नाहीत. उतारा न दिलेला माणूसही तुलनेला लागतोच, म्हणाल्या. पण विष आहे हे कळल्यावर उतारा मागणार नाही असा कोण आहे? स्वतःवरच संशय घेणारा माणूस सहज सापडत नाही. पट्ट्याने सगळं टिपलंय. तुमचा तक्ता फक्त पुढच्याला दाखवायला.
हिला सांगायला वळलो — पाय उरलेच नव्हते. आजची मात्रा मोठी होती.

मागची खोली. रबरी चादर. चिमटेने आणून टाकलं. माझ्याकडे बघत नव्हता. वही खिशातच राहिली —
हात गार. श्वास अर्ध्यावर अडतो. ओठांवर फेस, गुलाबी. हे मी दुसऱ्या कुणाच्याच तक्त्यात लिहिलेलं नाही. त्यांना उतारा मिळतो.

भिंतीपलीकडे ही आहे. आवाज येतोय. मी कुठे आहे, विचारतेय. बाई म्हणाल्या, जरा आडवे झालेत, मनाचं आहे. ही म्हणाली, त्याचं नेहमीचंच.
हाक मारली. फेसच आला —

भिंतीवर ठोकलं. पुन्हा ठोकलं.
ही हसली. म्हणाली, कळलं रे, माफी मंजूर.
चिमटे तिला चहाचं सांगतोय. ती बाही वर —
तक्ता खोटा आहे. मी खोटा लिहिला. तिला कुणीतरी —