खोबरेल लावलेली रायफल

अण्णा, काल आईनं पुन्हा तुमचं कौतुक केलं आणि माझं डोकं फिरलं. पाहुणे आले होते, चहा झाला, बोलता बोलता तुमच्या रायफलीचा विषय निघाला. "इतकी वर्षं घरात हत्यार होतं, पण ह्यांच्या हातून कदी चूक झाली नाय," आई म्हणाली. मी कपबशा गोळा करायच्या निमित्तानं उठले. तेव्हापासून एका जागी बसवत नाही. सकाळपासून दोन कपाटं आवरून झाली, माळा झाडून झाला, भाजी करपली. शेवटी म्हटलं, तुम्हालाच लिहावं. तुमच्याशी भांडायची मुभा या घरात फक्त मलाच होती.

रायफल तशी आजोबांची. मळ्यात रानडुकरं घुसतात म्हणून त्यांनी परवाना काढला होता. पुढं मळा विकला, त्यावर बंगले उठले, भाजीपाला गेला, आणि रायफल तेवढी तुमच्या नावावर होऊन नाशकात अंबडच्या आपल्या दोन खोल्यांत आली. पॉइंट टू टूची, जुनी, परदेशी बनावटीची. एक गोळी सुटली की पुढची आपोआप चढवणारी. नव्वदच्या दशकातला कुठलाही रविवार मला आठवतो तो असा: जेवणं उरकली आहेत, आई "ते धूड बाहेर काढलंत का पुन्हा" म्हणत शेजारी निघून जाते, आणि तुम्ही स्वयंपाकघरात फरशीवर वर्तमानपत्र अंथरता. जुन्या बनियनच्या चिंध्या, झिजलेला टूथब्रश, शिलाई मशीनच्या तेलाची कुपी. कारखान्यात आठवडा वाईट गेला असेल तर तुम्ही जास्त वेळ घासता, हे मला तेव्हाच कळलं होतं. या छोट्या काडतुसांची काजळी फार, वर गोळीला मेण, त्यामुळे ही रायफल दोन दिवसांत अडखळायला लागते, असं तुम्ही समजावता. साफ करायचा गज नळीच्या तोंडाकडूनच घालावा लागतो, कारण मागून वाट नाही, आणि तोंडाची कड घासली तर नेम गेला, म्हणून गजाभोवती दोन बोटांची चिमूट धरता. तेल बोटाला जेमतेम जाणवेल एवढंच. "तेल जास्त झालं की त्यात काजळी बसते नि चिखल होतो. लोकांना वाटतं तेल म्हणजे माया," तुम्ही म्हणता. तुम्हाला असं बोलायला आवडायचं.

पण या सगळ्याच्या आधी एक काम असे. गोळ्यांचं मॅगझिन काढायचं, बोल्टचा खटका मागं ओढायचा, गोळी बसते त्या चेंबरमध्ये बघायचं आणि "रिकामी" असं मोठ्यानं म्हणायचं. आधी तुम्ही, मग मी. दहावीच्या वर्षी एकदा मी बघितलंच नाही, नुसतं म्हणून टाकलं. तुम्ही चिंधी खाली ठेवलीत. "माझ्या तोंडाकडं बघून सांगितलंस. मॅगझिन काढलं तरी एक आत राहतं. मीच चुकलो असेन तर ते कोण बघणार, तुझी आई?" मग अख्खी सुट्टी मला त्या वर्तमानपत्राजवळ येऊ दिलं नाहीत. मी रडले, जेवले नाही, तुम्ही ढिम्म. शाळा सुरू झाल्यावर एक दिवस पेनाएवढी बॅटरी आणून माझ्या हातात ठेवलीत, "आत उजेड पाडून बघत जा," म्हणालात, बस्स. मला तर वाटलं की मला नोकरीच लागली.

खरी नोकरी लागली ती सुरगाण्याला, शाळेत. मी महिन्या-दोन महिन्यांनी यायची, आणि दर वेळी तुमचं थोडं काहीतरी हरवलेलं असायचं. एकदा नाशकातल्याच द्वारका चौकात बसमधून उतरलात आणि घर कुठं ते आठवेना. कुण्या रिक्षावाल्यानं आणून सोडलं. "रायफल साफ करायची का?" असं विचारलं की म्हणायचात, "झाली कधीच." रायफलीच्या कपाटाची किल्ली मात्र कुणाला देत नव्हता. त्या कपाटाला डोकं लावून आई झोपायची.

पौषात तुम्ही गेलात. रायफल ठाण्यात नाहीतर बंदुकीच्या दुकानात जमा करा म्हणून पोलीस ठाण्यातून निरोप आला. मी ती बाहेर काढली, तर बोल्ट हलेना. ओळखीचा वासही नव्हता. आईच्या वेणीचा वास येत होता. खोबरेल! नाशिकच्या थंडीत आईची बाटली उन्हात ठेवल्याशिवाय तेल पडत नाही, आणि तुम्ही ते सढळ हातानं ओतलं होतंत. काजळीसकट सगळं थिजून बसलं होतं. बंदुकीच्या दुकानात फोन केला. "ताई, आत काय हे माहितीये का?" दुकानदारानं विचारलं. मी "नाही" म्हटलं. "मग जोर लावू नका, चापाला बोट नको. तोंड वाळूच्या पोत्यात खुपसा अन् ऊन खाऊ द्या."

गच्चीवर मी उन्हात बसले. काय मागत होते देवाकडे, सांगू? आत काही नसू दे. तुम्ही हातानं जेवायचं विसरलात तरी एवढं विसरला नसाल, असं मला हवं होतं. दुपारी तेल पाघळून ओघळलं, बोल्ट हळूच मागं आला, आणि एक काडतूस उडून फरशीवर टणकन पडलं. हिरवट पडलेलं, जिवंत.

खालून आईनं हाक मारली, "रिकामी हाय ना गं?" मी "हो" म्हटलं. तेव्हा ती रिकामीच होती. काडतूस मी कपाटातल्या डब्यात बाकीच्या काडतुसांत मिसळलं आणि सगळं दुकानात जमा करून आले. आई गेली कित्येक वर्षं पाहुण्यांना तुमची गोष्ट सांगते, आणि मी मान डोलावते. तिला कधीच सांगणार नाही. हा कागदही ती चष्मा लावून वाचेल, म्हणून फाडून टाकणार आहे.

तिच्या उशाशी ते जिवंत काडतूस किती दिवस होतं, अण्णा? मला तुमचा राग येतो. गच्चीवर मी रडले वगैरे नाही. काडतूस मुठीत घेऊन जिन्यापर्यंत धावले, तुम्हाला दाखवायला.