श्रावण आणि कॅप्सूल

औंढा नागनाथ
जुलै २००३

प्रिय अपर्णा,

काल तुझ्या नवऱ्याचा फोन आला. नांदेडच्या डॉक्टरांनी तुला उदासीवर कॅप्सूल दिली, आणि आठवडाभरात मळमळीला कंटाळून तू ती बंद करायला निघालीस म्हणे. बाई गं, तुमच्या घराण्यात कुणी आपला त्रास आधी डॉक्टरांना सांगेल तर शपथ!

तुझा उद्धवदादाही तसाच होता. दोन वर्षांपूर्वी तुझे वडील गेले आणि यांचं खाणंपिणं, झोप सगळंच तुटलं. देवळात पूजा करताना मंत्र विसरायचे, घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडायचे. त्यांनाही हीच कॅप्सूल मिळाली होती. पूजेआधी खायचं नाही, म्हणून रिकाम्या पोटी तीर्थाबरोबर घ्यायचे, आणि मग दिवसभर मळमळ, तोंडाला कोरड. डॉक्टरांनी रागावून सांगितलं, खाऊन घ्या आणि महिनाभर धीर धरा. खरंच, महिन्याभरात माझा माणूस मला परत मिळाला. वरणात मीठ कमी म्हणून माझ्यावर खेकसले, तेव्हा मी आनंदानं रडले.

मग श्रावण आला. देवळात कुणीतरी सांगितलं, कॅप्सूलचं कवच जनावरांच्या हाडांपासून करतात. झालं! "हे पोटात घालून पिंडीला हात कसा लावू? आन् आता बरं वाटून राहिलं, काहून घेऊ?" म्हणाले आणि सोडली. मी भांडले, हातापाया पडले, ऐकलं नाही. दसऱ्यापर्यंत पुन्हा बोलेनासे झाले, आणि दिवाळीच्या तोंडावर त्यांनी स्वतःला संपवलं. नंतर डॉक्टर म्हणाले, विचारलं असतं तर हेच औषध साध्या गोळीत दिलं असतं. त्यांचं ते बोलणं मला अजून झोपू देत नाही.

घरात सगळे म्हणतात, त्या औषधानं उद्धवला नेलं. सासूबाई पार खचल्यात, म्हणून मी त्यांच्यापुढे वाद घालत नाही. पण तूही तेच मनात धरून बसलीस, हे काल कळलं आणि आज हे पत्र लिहायला बसले. अगं, औषधानं नाही, औषध सुटल्यानं गेले ते. मळमळतं हे डॉक्टरांना सांग, ते मात्रा बदलतील. श्रावण पाळायचा तर गोळी मागून घे. पण आपल्या मनानं बंद करू नकोस. देवाला जाब द्यायचाच असेल तर तो मी देईन. तू उद्या सकाळी चार घास खा आणि औषध घे.

तुझीच,
सुनीती वहिनी